घोंगडी घ्यायची तर हाताने नव्हे, मानेने घ्या

पहिल्या रात्री अडीच वाजता मी उठून दिवा लावला आणि घोंगडी झटकून पाहिली. ह्यांनी कूस बदलत विचारलं, "काय झालं?"

"चावतंय."

"ढेकूण?"

"नाही. घोंगडी."

ह्यावर ते जे हसले ते मी अजून विसरलेले नाही. एकतीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवलेल्या बाईला ३,२०० रुपयांच्या लोकरीने झोपेतून उठवावं, ह्यात त्यांना फारच मजा वाटली. त्या रात्रीपासून आज चार महिने झाले. घोंगडी रोज वापरात आहे, माझी तक्रार बरीचशी मिटली आहे आणि घेताना मी काय चूक केली ते नीट कळलं आहे. घोंगडी घेणाऱ्या इतरांनी ती करू नये म्हणून हे लिहिते.

वस्तू अशी: हातमागावरची काळी घोंगडी, साडेचार फूट बाय नऊ फूट, घरच्या काट्यावर ३ किलो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीत एका सणगराच्या, म्हणजे घोंगड्या विणणाऱ्याच्या, घरून, थेट मागावरून घेतली. विठ्ठल-बिरदेवाच्या जत्रेत भंडाऱ्याने पिवळं होणारं ते गाव. आम्ही गेलो तेव्हा जत्रा होऊन महिना उलटला होता, तरी त्यांच्या उंबऱ्याच्या फटीत पिवळं दिसत होतं. पडवीत खड्डामाग, खड्ड्यात पाय सोडून बसलेले सणगर मामा, आणि अंगणात ताणा लांबवून त्याला चिंचोक्याची खळ लावत असलेल्या वहिनी. खळीचा आंबूस वास. हा वास घोंगडीला पुढे तीन आठवडे येतो, हे आधीच सांगून ठेवते. मला आवडला. ह्यांना नाही.

मामांनी दोन घोंगड्या पुढ्यात टाकल्या. एक साधी, ३,२०० ची. दुसरी जावळाची, ५,५०० ची. जावळ म्हणजे कोकराची पहिली कातरण. मी दोन्हींवरून चार बोटं फिरवली, एकदा उभी, एकदा आडवी. जावळाची किंचित मऊ असेल, पण २,३०० रुपयांचा फरक माझ्या बोटांना काही सापडेना. वहिनी खळीचा कुंचा हातात धरूनच म्हणाल्या, "हातानं काय कळतंय ताई, गळ्याला लावून बगा." मला वाटलं, महागाची खपवायची युक्ती. मी साधी घेतली. "शाळेत दाखवायला" म्हणून जावळाचा एक झुपका मात्र मागून घेतला. मी निवृत्त आहे हे त्यांना सांगायची गरज नव्हती.

आता, वहिनी बरोबर होत्या आणि माझी बोटं चूक, हे कसं?

बोटांना मी नावं ठेवत नाही. बोटाइतकं नाजूक उपकरण माझ्या प्रयोगशाळेत कधीच नव्हतं. स्वीडनमध्ये २०१३ साली झालेल्या प्रयोगात लोकांना नुसत्या बोटाने १३ नॅनोमीटर उंचीच्या सुरकुत्या आणि साफ गुळगुळीत पृष्ठभाग ह्यांतला फरक ओळखता आला. १३ नॅनोमीटर म्हणजे केसाच्या जाडीचा काही हजारावा भाग. पण बोटाला हे जमतं ते फिरवल्यावर. घोंगडीवर बोट नुसतं टेकवून ठेवा आणि डोळे मिटा. जाडेभरडे धागे कळतील, पण पोत असा कळणार नाही. बोट ओढलंत की लगेच कळेल. बोटाच्या टोकावरच्या रेषा घोंगडीच्या धाग्यांवरून घसरतात, कातडी थरथरते, आणि आत खोलवर कांद्यासारखे पापुद्रे असलेले पॅसिनियन नावाचे बारीक गोळे असतात ते ती थरथर पकडतात. सेकंदाला दोनशे-तीनशे कंपनांच्या आसपास ते सर्वांत तिखट असतात. पोत हा बऱ्याच अंशी थरथरीतून कळतो, म्हणूनच बोटाऐवजी बॉलपेनचं टोपण घोंगडीवरून ओढलं तरी खरखर कळते. टोपणाला काय मज्जातंतू असतात? थरथर त्याच्यातून बोटापर्यंत चालत येते, एवढंच. हा प्रयोग मी अकरावीच्या वर्गात खडू आणि भिंत वापरून करायचे. शेवटच्या बाकावरची मुलंही तेवढ्यापुरती जागी व्हायची.

तर बोट बनावट वाचतं. टोचणी वाचत नाही. तळहाताच्या आणि बोटांच्या कातडीवर मेलेल्या पेशींचा जाड थर असतो, आणि टोचणीची खबर देणाऱ्या मज्जातंतूंची टोकं त्याच्याखाली. लोकरीचा केस तिथपर्यंत दाबच पोचवू शकत नाही. मानेची, गळ्याची, कोपराच्या आतल्या बाजूची कातडी पातळ, तिथे तोच केस लगेच पोचतो. म्हणजे दुकानात आपण ज्या अवयवाने माल पारखतो, नेमका तोच अवयव ह्या कामाला आंधळा. साडीला, सतरंजीला चालतं. घोंगडीला नाही.

दुसऱ्या दिवशी मी मोजायला बसले. साहित्य: दोनशे रुपयांचा लाल लेझर, मधोमध भोक पाडलेलं पुठ्ठ्याचं कार्ड, चिकटपट्टी, फूटपट्टी, २ मीटरवर भिंत. लोकरीचा एक केस भोकावर ताणून चिकटवायचा आणि त्यावर लेझर मारायचा. भिंतीवर मधोमध झगझगीत ठिपका आणि दोन्ही बाजूंना उजेड-अंधाराचे तुकडे दिसतात. केस जितका बारीक तितके तुकडे पसरलेले. मधल्या ठिपक्यापासून पहिला अंधार किती अंतरावर ते मोजायचं, आणि प्रकाशाची तरंगलांबी गुणिले भिंतीचं अंतर भागिले हे अंतर, की जाडी हातात. माझ्या घोंगडीचे १२ केस मोजले. सर्वांत बारकाचा अंधार ४.६ सेंटिमीटरवर, म्हणजे जाडी २८ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजार भाग केले तर एक भाग म्हणजे मायक्रॉन). सर्वांत जाड्याचा २.१ वर, म्हणजे ६२ मायक्रॉन. बारापैकी नऊ तिशीच्या वर. मग जावळाचा झुपका काढला: २३ ते ३१. लेकीने मेलबर्नहून पाठवलेल्या मेरिनो लोकरीच्या बनियनचा एक धागा उसवला (तिला सांगितलेलं नाही), त्यातला केस १९.

तीस मायक्रॉन ही सीमा मी मनाने काढलेली नाही. लोकरीच्या टोचण्यावर १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियात बारकाईने काम झालं. मेंढ्यांचाच देश, त्यांना ते परवडणारही नव्हतं टाळून. त्यांना आढळलं की गुंता ॲलर्जीचा किंवा घाणीचा नाही, केसांच्या टोकांचा आहे. कापडातून वर आलेलं टोक कातडीवर साधारण ७५ मिलिग्रॅम वजनाइतका जोर न वाकता लावू शकलं, तर खालचा मज्जातंतू जागा होतो. ७५ मिलिग्रॅम म्हणजे अंदाजे पंचवीस तीळ. आणि जाड केसांचं प्रमाण शेकडा पाचच्या आसपास गेलं तरी अंगाला कळायला पुरतं. माझ्या घोंगडीत बारापैकी नऊ!

वाकणं-न वाकणं हे समजायला खराट्याची हीर घ्या. लांब हीर तळहातावर उभी दाबली तर कमान होते, टोचत नाही. तीच मोडून बोटभर ठेवली की रुतते. लांबी निम्मी केली की ती वाकवायला चौपट जोर लागतो. जाडीचा हिशेब तर त्याहून भयंकर: जाडी दुप्पट केली तर जोर सोळापट, कारण तिथे चौथा घात येतो. दोन मिलिमीटर वर आलेला ४० मायक्रॉनचा केस घेऊन मी ढोबळ गणित केलं, तो नव्वदएक मिलिग्रॅमपर्यंत ताठ उभा राहतो. तेवढाच लांब २० मायक्रॉनचा केस सहा मिलिग्रॅमलाच मान टाकतो. लोकर दोन्ही, मेंढ्या दोन्ही. एक टोचते, एक नाही. बारावीला यंगचा गुणांक, म्हणजे पदार्थाच्या ताठपणाचं माप, शिकवताना मी वर्षानुवर्षं पोलादी तार टांगली. घोंगडी आणली असती तर जास्त मुलं पास झाली असती.

जावळाची आणखी एक खुबी. कोकराच्या केसाला आधी कधीच कात्री लागलेली नसते, त्याचं बाहेरचं टोक नैसर्गिक निमुळतं असतं, ते सहज वाकतं. मोठ्या मेंढीच्या केसाची दोन्ही टोकं कात्रीने तुटलेली, बोथट आणि ताठ. वरचे २,३०० रुपये त्या निमुळत्या टोकांचे आहेत. आता पटतं.

नवी घोंगडी जुनीपेक्षा जास्त टोचते, त्यालाही माझ्या मते खळच जबाबदार. खळीने लांब केस धाग्याला चिकटून बसतात आणि बाहेर राहतात ती आखूड खुंटं. मोडलेली हीर. वापरून, झटकून, उन्हात टाकून खळ उतरते तशी घोंगडी मवाळ होते. पहिला महिना संपता संपता माझ्या लक्षात आलं की मी रात्री उठत नाही. मामांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, "टोचतंय म्हंजे खरी हाय, मॅडम. लोकर हाय ती, रेशीम न्हवं."

खरी आहे हे मला वेगळ्या वाटेनेही माहीत होतं. ह्याच्या आदल्या वर्षी मी एका संकेतस्थळावरून ८९९ रुपयांची "पारंपरिक घोंगडी" मागवली होती. काळी, मऊ लुसलुशीत, गळ्याला लावली तरी गुदगुल्या. एक धागा जाळून पाहिला. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि बोटांत चुरली की राख होते. हा धागा वितळला आणि त्याचा काळा टणक मणी झाला. ॲक्रिलिक. परत घ्यायला त्यांनी नकार दिला, ती आता गाडीच्या डिकीत आहे. मऊपणा हा खरेपणाचा पुरावा नाही, एवढं त्या मण्याने शिकवलं होतं. तरी मी गळ्याला लावून पाहिली नाही ती नाहीच.

आता घोंगडीच्या बाजूने. ऊब. डिसेंबरात आमच्या सांगलीच्या घरात पहाटे शहाबादी फरशी आणि घोंगडी दोन्हींचं तापमान एकच असतं, समजा २० अंश. फरशीवर पाय टेकला की जीव वर येतो, घोंगडीवर टेकला तर काहीच नाही. कारण पायाला तापमान कळत नाही, आपल्यातली उष्णता किती वेगाने बाहेर ओढली जाते ते कळतं. कातडी असते ३३ अंशांची. दगडाला टेकताच तिथली कातडी क्षणात २४-२५ वर उतरते. घोंगडीला टेकली तर ३२ च्या खाली फारशी जात नाही, कारण घोंगडी म्हणजे मुख्यतः केसांत अडकवलेली हवा. सासूबाई सकाळी जपाला फरशीवर कधी बसल्या नाहीत. "घोंगडी टाक, मग देवाचं बोल," असं त्या म्हणायच्या.

ओलेपणाची गोष्ट मला सर्वांत आवडते. आपल्या कातडीत ओलं ओळखणारी स्वतंत्र मज्जाटोकं नाहीतच. गार लागलं, थोडा दाब आला, चिकट घसरलं, ह्या तिन्हींवरून मेंदू "ओलं" असा अंदाज बांधतो. म्हणून दोरीवरचे कपडे वाळलेत की नुसते गार आहेत हे थंडीत कळत नाही, आणि आपण ते गालाला लावून बघतो. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तीसेक टक्के पाण्याची वाफ पोटात घेते तरी हाताला कोरडी लागते, आणि वाफ शोषताना वर थोडी उष्णताही देते. ॲक्रिलिक एक-दोन टक्क्यांवरच थांबतं, घाम तुमच्या अंगावरच ठेवतं. त्या ८९९ वालीत रात्री जे चिकचिकायचं ते हेच. धनगर पावसात घोंगडीची खोळ करून मेंढरांमागे दिवस काढतो, त्यालाही हाच आधार.

मात्र घोंगडी एकदा खरोखर भिजली की संपलं. मी फेब्रुवारीत धुतली तर वाळायला तीन दिवस लागले, आणि पहिल्या दिवशी ती मला एकटीला उचलेना. कामं लांबणीवर टाकणाऱ्याला आपण "भिजत घोंगडं ठेवलंय" का म्हणतो ते गच्चीवर उभं राहून समजलं.

धुण्याबद्दल एक जुनी कबुली. सासूबाईंची जपाची घोंगडी मी लग्नानंतर दुसऱ्या वर्षी, मदत करायच्या उत्साहात, कढत पाण्यात घालून धोपटण्याने बडवली होती. ती आटून जाड नमदा झाली, पाट झाकेल एवढी. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी त्यावरच बसल्या. लोकरीच्या केसावर कौलांसारखे खवले असतात, एका दिशेने चढवलेले. स्वतःचा एक केस अंगठा आणि तर्जनीत धरून लांबीच्या दिशेने चोळा, तो एकाच बाजूला, मुळाकडे सरकत जातो, दुसरीकडे येत नाही. कढत पाणी आणि बडवणं मिळालं की प्रत्येक केस असाच एका दिशेला सरकतो, शेजाऱ्यात अडकतो आणि मागे फिरू शकत नाही. तेव्हा गार पाणी, रिठे, पिळायचं नाही, मशिन तर अजिबात नाही. कसर लागू नये म्हणून कडुलिंबाचा पाला आणि अधूनमधून ऊन.

वजनाबद्दल लोक विचारतात, जड नाही होत का? ३ किलो पावणेचार चौरस मीटरवर पसरले की दाब येतो जेमतेम ८ पास्कल. हवा आपल्याला लाखभर पास्कलने दाबते, तिचा तर पत्ताही नसतो, कारण ती सगळीकडून सारखी दाबते आणि कातडी कुठेच वाकत नाही. बादलीत हात घालून बघा, पाणी कळतं ते मनगटाभोवती पाण्याची रेघ असते तिथे. स्पर्शाला दाब कळत नाही, कातडीचं वाकणं कळतं. कातडी ताणली की पेशीच्या पटलातली एक बारीक झडप उघडते. तिचं नाव पिझो. दाबणे ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलंय, आपल्या गॅसच्या लायटरमधल्या स्फटिकाचं नावही तिथूनच, बाकी दोघांचं नातं नाही. अर्देम पातापूतियान ह्यांच्या प्रयोगशाळेने ही झडप २०१० साली शोधली आणि २०२१ चं नोबेल त्यांना डेव्हिड ज्युलियस ह्यांच्यासोबत मिळालं. मी तेव्हा निवृत्त झालेली. जिवंत माणसाला स्पर्श कळतो कसा ह्याचं उत्तर मी शिकवत होते तेव्हाच्या कुठल्याच पाठ्यपुस्तकात नव्हतं, आणि मुलांनीही कधी विचारलं नाही. परीक्षेला नव्हतं ना.

घोंगडीच्या बाबतीत वजन उलट कामाचं. हलकी रजई रात्रभर सरकते, ही जागची हलत नाही. पाच मिनिटांत तिचं ओझं विसरायला होतं, कारण कातडीतले बरेचसे पहारेकरी फक्त बदलाची खबर देतात, काही बदललं नाही की गप्प बसतात. टोचणीचे मात्र तसे पटकन गप्प बसत नाहीत. घाम आला तर आणखीच बोलतात, कारण ओली कातडी मऊ पडते आणि केस अधिक रुततो. म्हणून मार्चनंतर ही अंगावर घ्यायची वस्तू नाही, अंथरायची आहे.

पाचपैकी चार तारे. अर्धा कापला तो किनारीसाठी: एका बाजूचे गोंडे नीट गाठवलेले नव्हते, दोन सुटले. अर्धा खळीच्या वासासाठी, तोही ह्यांच्या आग्रहाखातर. टोचण्यासाठी एकही कापलेला नाही, ती माझी चूक. जे घेणार असतील त्यांनी गळ्याला, नाहीतर कोपराच्या आत लावून मिनिटभर थांबावं, जरा चालून अंग तापलं असताना लावली तर अधिक खरं कळेल. लहान बाळाला, किंवा ज्यांची कातडी मुळात खाजरी आहे त्यांना साधी घेऊ नये, जावळाचीच घ्यावी.

माझ्या घोंगडीला मी आतून सासूबाईंचं जुनं सुती लुगडं टाचलंय, मोठे टाके घालून, उसवायला सोपे पडतील असे. केसांची टोकं त्या सुतातच अडतात, गळ्यापर्यंत येत नाहीत. ऊब तशीच. वहिनींना फोनवर हे सांगितलं तर म्हणाल्या, "आमी तर तसंच पांघरतो की. सांगितलं न्हवतं व्हय?" नव्हतं सांगितलं. जावळाचं दोन फुटी आसन सांगून ठेवलंय, पुढची कातरणी झाली की मामा कळवणार आहेत. आगाऊ पाचशे दिले आहेत, आणि ह्या वेळी बोटं खिशात ठेवून जाणार आहे.